ठरावानुसार मयत

माझ्या तीन कागदांवर माझी तीन नावं होती. प्राथमिक शाळेच्या दाखल्यावर एक, मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर दुसरं आणि बी.एस्सी.च्या डिग्रीवर तिसरं. यातलं पहिलं नाव मी इथे लिहिणार नाही. ते न उच्चारण्याचा ठराव मीच लिहिलेला आहे, आणि तो एकदा मोडून काय झालं तेच सांगायला बसलो आहे. माझंच लिहायचं नाही, तर मग दुसऱ्या कुणाचंही कशाला लिहू?

ते नाव जन्मापासूनचं. माझ्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून मी झालो तेव्हा मायनं मला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. शेजारणीनं उचललं आणि पसाभर जवारी घेऊन मायला परत दिलं. हे पोर टाकून दिलेलं आहे असं मरणाला वाटावं, यासाठी हा खटाटोप, आणि नावही त्या उकिरड्यावरचंच. वरच्या आळीतही अशी नावं ठेवत, पण तिथलं पोर शाळेत जायला लागलं की त्याला दुसरं बरं नाव मिळायचं. मला शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी बापाला बाहेर उभं करूनच विचारलं. उकिरड्याचं नाव लिहिलं, पुढे बापाचं लिहिलं, आणि आडनावाच्या जागी जात लिहिली. आडनाव काय, हे विचारलंच नाही.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरपासून चार कोसांवर, अमरावतीच्या हद्दीकडे. बाप गावचा कोतवाल. गावात कोण जन्मलं, कोण मेलं याची वर्दी देणं त्याचं काम. लिहिणारा पाटील, सांगणारा बाप. स्वतःच्या तीन पोरांच्या मरणाची वर्दीही त्यानंच दिली. जन्माच्या वेळी नाव नसायचंच, आणि मरतानाही त्या तिघांना नाव लागलं नाही. वहीत नुसतं ‘मुलगा’, ‘मुलगा’, ‘मुलगी’ आणि पुढे बापाचं नाव. ही वही पुढे आडवी येईल असं तेव्हा कुणाला वाटणार?

छप्पनच्या दसऱ्याला आमच्या वस्तीतली माणसं नागपूरला गेली. मीही गेलो होतो, मॅट्रिकच्या वर्षाला होतो. पांढरे कपडे घालून दीक्षा घेतली आणि धुळीनं माखून परत आलो. दुसऱ्या दिवशी घराघरातले देव टोपल्यात घालून नदीला नेऊन सोडले. तिथून परत येताना बाप म्हणाला, “देव गेले. आता नावं बी सोडा.”

दुपारी निंबाखाली वस्ती बसली. अकरा घरं. कुणी कचरा, कुणी दगड, कुणी काळेपणावरून ठेवलेलं. बायकांची तर वाराची नावं, जन्मली तो वार. मॅट्रिकपर्यंत गेलेला मी एकटा, म्हणून सगळ्यांना नवी नावं शोधून द्यायचं काम माझ्याकडे आलं. ती दिली, मग ठराव लिहिला. आजपासून वस्तीतील कोणीही कोणाचेही जुने नाव तोंडातून काढणार नाही. काढल्यास त्याने त्या दिवशी उपाशी राहावे. गावातील कोणी जुन्या नावाने हाक मारल्यास ‘तो मयत झाला’ असे उत्तर द्यावे.

‘मयत’ हा शब्द माझा. बाप नुसतं ‘मेला म्हना’ म्हणत होता. मला वाटलं, ठरावात शब्द वजनदार पाहिजे. चिमणीच्या काजळीनं सगळ्यांचे अंगठे उठवले आणि खाली मी एकट्यानं सही केली. त्या सहीचा मला फार अभिमान वाटला होता, हे खरंच सांगतो.

दुसऱ्याच दिवशी पाटलाचा गडी आला. वाड्यावर बैल मेला होता, तो ओढायला बापाला बोलवायचं होतं. त्यानं वस्तीच्या तोंडाशी उभं राहून बापाला जुन्या नावानं हाक मारली. बाप दारातच खाटेची सुंभं आवळत बसला होता. मान वर न करता म्हणाला, “तो मेला.”

“मेला? मंग तू कोन?”

बापानं नवं नाव सांगितलं.

“आन मेला कवा?”

“काल दुपारी. वर्दी देऊन टाक पाटलाले, आता मी नाई देत.”

वस्ती हसली. गडी शिव्या देत गेला. पण त्या हसण्याचं पुढे फार भोगावं लागलं. कापूस वेचणीचे दिवस होते, आणि गावात वस्तीच्या बायकांना एकाही शेतात उभं केलं नाही. तीन महिने त्या पहाटे उठून चार कोसांवर दुसऱ्या गावच्या वावरात जात होत्या. शेजारच्या मोठेबांची, म्हणजे बापाच्या चुलतभावाची, सून त्यात पोटुशी होती. वाटेतच तिचं पोट पडलं. बापाची कोतवालकी गेली. एवढं सगळं झालं, पण जुन्या नावाच्या हाकेला अकरा घरांतून एकच उत्तर येत राहिलं. शेवटी हाका थांबल्या. गाव आम्हाला नव्या नावानं बोलवायला लागलं असं नाही. ‘ए’ म्हणायला लागलं. आम्हाला तेही चाललं.

मॅट्रिकचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा मी हेडमास्तरांना नवं नाव सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, “नाव मला बदलता येत नाही बाबा, दाखल्यावर आहे तेच जाईल. पण ही जात आडनाव म्हणून कशाला?” त्यांनी ती खोडली आणि गावाच्या नावापुढे ‘कर’ लावून मला आडनाव दिलं. हे झालं दुसरं नाव. कॉलेजात मी नवं नाव दिलं, सोबत अर्ज जोडला. डिग्री नव्या नावानं आली. अर्ज कुठे गेला ते मी शोधलं नाही. डिग्री हातात होती. आमच्या वस्तीतलीच काय, आजूबाजूच्या दहा गावांतल्या वस्त्यांतली ती पहिली डिग्री. बापानं ती दोन्ही हातांनी धरून बघितली, आणि पुढच्या वर्षी गेला.

बी.टी. करून मी यवतमाळला एका हायस्कुलात सायन्सचा मास्तर झालो. पगार वेळेवर होता, पोरं ऐकत होती. पण नोकरीच्या वेळी मॅट्रिकचं सर्टिफिकेट द्यावं लागलं होतं, आणि ऑफिसातला कागद टीचर्स रूममध्ये यायला वेळ लागत नाही. एक सहकारी चहाच्या वेळी मला उकिरड्याच्या नावानं हाक मारायचा. थट्टेत. बाकीचे हसायचे नाहीत, पण त्याला कुणी गप्पही करायचं नाही. पहिल्यांदा मी ठरावाप्रमाणे ‘तो मेला’ म्हणालो. त्याला ते इतकं आवडलं की पुढे तो रोज माझ्या तोंडून ते वदवून घ्यायला लागला. मग मी चहा प्यायला जायचं सोडलं.

अमरावतीच्या होस्टेलातला माझा एक दोस्त इंग्लंडला पोचला होता. त्याचं पत्र आलं. तिकडे मास्तर पाहिजेत, सायन्सचे तर फारच पाहिजेत. अर्ज केला की तिथलं सरकार कामाच्या परवान्याचं व्हाउचर पाठवतं, ते घेऊन जायचं आणि तिकडेच राहायचं. पत्रात एक ओळ होती, ‘इथे नाव विचारतात, आपण सांगतो तेच लिहून घेतात.’ त्या ओळीसाठी मी अर्ज केला. लोकांना मी पगाराचं कारण सांगितलं, ते खोटं.

व्हाउचर आलं. सहा महिन्यांच्या आत इंग्लंडच्या बंदरात उतरलं पाहिजे, नाहीतर ते रद्द. मी त्याच आठवड्यात पासपोर्टच्या अर्जाला लागलो.

अर्ज बघणारे कलेक्टर ऑफिसातले हेडक्लार्क यवतमाळच्या जुन्या नोकरदार घरातले. चष्मा कपाळावर, बोलणं सावकाश. त्यांनी माझे तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी लावले.

“मास्तर, हे तिघं कोण?”

“तिन्ही मीच आहे.”

“तुम्ही म्हणून राह्यले हो. कागद नाही म्हणत.” ते हसले नाहीत. “अ‍ॅफिडेव्हिट करा, ते मी जोडतो. पण गावी पोलीस चौकशी होईल. दाखल्यावरच्या नावाचा मुलगा आणि अर्जदार एकच, हे घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी सांगितलं की काम झालं. घरी आधी कळवून ठेवा.”

“कळवायचं काय त्यात? माय आहे माझी. मला ओळखणार नाही का?”

“तरी कळवा.”

मी कळवलं नाही. मायला वाचता येत नव्हतं. पत्र पाठवलं असतं तर ते वस्तीतल्या कुणीतरी वाचलं असतं, आणि त्यात ते नाव लिहावं लागलं असतं. सात वर्षांत जे नाव वस्तीत कुणी काढलं नव्हतं ते माझ्या हस्ताक्षरात जायला नको, असं मला वाटलं. आणि खरं सांगायचं तर, स्वतःच्या मायनं काय बोलावं हे तिला पढवून ठेवण्यात मला कमीपणाही वाटला.

पुढचं मला नंतर कळलं, मायकडून आणि मोठेबांकडून. मोठेबा वस्तीतले सगळ्यांत वडील. जमादार सायकलवर आला. निंबाखाली खाट टाकायला लावली. कागद बघून त्यानं मायला माझं जुनं नाव वाचून दाखवलं, जातीसकट.

“हा पोरगा तुहाच ना, बाई?”

माय म्हणाली, “तो मेला.”

“कवा?”

“छप्पन साली. दसरा झाल्यावर.”

“कशानं मेला?”

मोठेबा मधे पडले. “एकल्याचं काय घेऊन बसले, जमादार? आमी सारेच मेलो त्या दिशी. माही बी वर्दी लिवून घ्या.”

सगळे हसले. जमादारही हसला. तो याच भागातला माणूस. त्याला काय ते सगळं समजलं होतं. मोठेबा अजूनही शपथेवर सांगतात की समजलं होतं. त्यानं हसत हसतच विचारलं, “मंग यवतमाळले मास्तर हाय तो कोन?”

“तो माहा पोरगा,” मायनं माझं नवं नाव अभिमानानं सांगितलं. “डिगरी झालेला हाय.”

जमादारानं आणखी चौघांना विचारलं. मोठेबा धरून चौघांनीही तेच उत्तर दिलं. सात वर्षं कमावलेलं उत्तर होतं ते, आणि विचारणारा वर्दी घ्यायला आलेला होता; बाहेरच्यानं विचारलं की ते द्यायचं असंच ठरलं होतं. पाच जणांचे अंगठे घेतले. माय म्हणाली, त्याला तिनं चहासुद्धा पाजला.

पंधरा दिवसांनी हेडक्लार्कांनी मला शाळेतून बोलावून घेतलं. रिपोर्ट त्यांनी मला वाचायला दिला नाही, स्वतः वाचून दाखवला. दाखल्यावरील मुलगा १९५६ साली मयत. आई व चार पंच यांचे एकमुखी जबाब. गावच्या जन्ममृत्यूच्या वहीतही त्या घरची मुले मयत झाल्याची नोंद आढळते, नावे नाहीत. अर्जदार हा मयताचा भाऊ असून मयताच्या सर्टिफिकेटांवर परदेशी जाऊ पाहतो, असा संशय आहे.

मी म्हणालो, “पण तो ठराव होता.”

“कसला ठराव?”

मी सांगितलं. ते चष्मा हातात घेऊन ऐकत राहिले. मग म्हणाले, “तुम्ही चांगलंच केलं होतं, मास्तर. पण कागदावर मेलात तुम्ही. आता पासपोर्ट तर राहिलाच, यात खटलासुद्धा होऊ शकतो.”

“मग करू काय?”

“आईला तहसीलदाराच्या कचेरीत न्या. दाखल्यावरच्या नावाचा मुलगा जिवंत आहे, तो हाच, असा जबाब द्यायला लावा. नाव त्यांच्याच तोंडून आलं पाहिजे. पंचांतले एक-दोघं सोबत आले तर फारच बरं.”

सहा महिन्यांतले जवळजवळ तीन तेव्हा गेले होते.

मी गावी गेलो. माय अंगणात तूर पाखडत होती. मी उभ्यानंच बोलायला लागलो.

“काहून सांगितलं असं? सरकारी माणूस होता तो!”

“तुह्याच हातचं हाय ते. तुनंच लिवलं.”

“ते गावासाठी होतं, माय. सरकारसाठी नव्हतं.”

“गावाले येगळं सांगा आन सरकारले येगळं सांगा, असं तवा नाई लिवलं तुनं.” तिनं सूप खाली ठेवलं. “वर्दी घ्यायले आल्ता तो. तुह्या बापानं वर्दी द्यायलेच तर पयले सांगतलं होतं.”

मी आवाज चढवला. शिकलेल्या माणसानं अडाणी मायवर चढवावा तसा. ती ऐकून घेत राहिली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळची वंदना झाल्यावर मी वस्तीपुढे उभा राहिलो आणि विचारलं, कचेरीत माझ्यासोबत कोण येतं? फक्त एकदा ते नाव घ्यायचं आहे, फक्त माझं, बाकी कुणाचं नाही. माझ्या जन्माचा प्रश्न आहे, असंही म्हणालो.

मग एक म्हणाला, “साहेब, आपल्या सहीचा ठराव हाय. आपल्याले जमंत नसंल तर आमाले कसं जमंन?” त्यातला ‘साहेब’ मला बरोबर लागला.

मोठेबा सरळ बोलले. “बाबू, माह्या सुनेचं पोट पडलं त्या तीन महिन्यांत. दुसरं लेकरू झालंच नाई तिले. ते कशापायी झालं, तुले माहीत हाय. आता कचेरीत जाऊन मी म्हनू का, का नाई साहेब, तो मेला नव्हता, आमी उगाच म्हनत होतो?”

“मोठेबा, मला जायचं आहे इथून.”

“जा ना. कोन धरून राह्यलं तुले? तू जाशीन बिलायतेले. आमाले येथंच राह्यचं हाय, यांच्याच वावरात.” मग ते जरा खाली आवाजात म्हणाले, “आन मायले नको नेऊ. तिच्यानं बोलवणार नाई ते.”

मी घरी आलो तेव्हा माय पुन्हा तूर पाखडत होती. तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, “कवा जायचं कचेरीत?”

मला त्या वेळी बरंच वाटलं. एवढंच वाटलं, की काम झालं. आज ते लिहिताना चांगलं वाटत नाही.

मंगळवारी आम्ही निघालो. नेरपर्यंत पायी, तिथून तालुक्याला बस. वाटेत मी तिला म्हणालो, एकदा म्हणून बघ, तिथे अडखळायला नको. दाखल्यावर आहे तसं, तीन शब्द आहेत. मी पोरांना पाढे पाठ करून घ्यायचो, त्याच सवयीनं म्हणालो.

“तेथं म्हनीन,” ती म्हणाली. “येथं नाई.”

कचेरीत आमचा पुकारा दोन वाजता झाला. जबाब घ्यायला पेशकार होता. तहसीलदार आतल्या खोलीत, ते नंतर सही करणार. पेशकारानं रिपोर्ट वाचला, पुन्हा वाचला, आणि शेजारच्या कारकुनाकडे सरकवला. दोघांच्या तोंडावर हसू आलं.

“नवऱ्याचं नाव?”

मायनं नवऱ्याचं नाव जन्मात घेतलं नव्हतं. ते मी सांगितलं, आणि ते चाललं.

“मुलाचं?”

मी तोंड उघडलं तसा पेशकारानं हात वर केला. “तुम्ही नाही. बाईनं सांगायचं.”

माय खाली बघून म्हणाली.

“ऐकू नाही आलं.”

ती पुन्हा म्हणाली. या वेळी मलाही ऐकू आलं. सात वर्षांनी तिच्या तोंडून ते नाव ऐकलं. लहानपणी याच नावानं ती मला जेवायला बोलवायची.

“पूर्ण सांग. दाखल्यावर आहे तसं. आडनावाच्या जागी काय आहे?”

मी म्हणालो, “साहेब, ते तुमच्यासमोर लिहिलेलं आहे.”

“मास्तर, जबाब तुमचा चालला की यांचा?”

मायनं पूर्ण सांगितलं. नवऱ्याच्या नावासकट, जातीसकट. भिंतीपाशी बाकावर तारखांना आलेले लोक बसले होते. त्यांत आमच्या गावचा एक जण होता. त्यानं मान वळवून आमच्याकडे बघितलं, आणि मग बघतच राहिला.

“हा मुलगा मेला की जिवंत?”

“जिता हाय.”

“मग जमादाराला मेला म्हणून का सांगितलं?”

माय माझ्याकडे बघायला लागली. ठरावाचं सांगावं की नाही, हे तिला कळत नव्हतं. मी मान हलवून नको म्हटलं. ठरावाची गोष्ट निघाली असती तर आणखी कागद, आणखी पंच, आणखी महिना गेला असता.

“चुकून सांगतलं,” माय म्हणाली.

“कुठं आहे तो? बोट दाखव.”

तिनं पदराखालून हात काढला आणि माझ्याकडे बोट केलं. मी तिच्यापासून दीड हातावर उभा होतो.

“घ्या,” पेशकार कारकुनाला म्हणाला, “मयत उठून उभा राहिला.” दोघं हसले. आणि मी, बी.एस्सी. बी.टी., चाळीस पोरांपुढे ताठ उभा राहणारा माणूस, हात जोडून त्यांना ‘उपकार झाले’ म्हणालो, कारण कागद अजून त्यांच्या हातात होता. मायनं अंगठा दिला.

नेरला बसमधून उतरल्यावर मायला बाकावर बसवून मी तिच्यासाठी भजी घेतली. तिनं पुडी मांडीवर ठेवली, उघडली नाही.

“खाय ना.”

“आज नाई.”

मला आठवलं, आणि मीही खाल्लं नाही. पण माझं उपाशी राहणं आणि तिचं उपाशी राहणं यांत फरक होता. ते नाव माझ्या तोंडून गेलंच नव्हतं. ते मी तिच्याकडून काढवून घेतलं होतं.

कचेरीतल्या बाकावरच्या माणसानं आपलं काम केलं. आठवड्याच्या आत पाटलाचा गडी वस्तीच्या तोंडाशी आला. तोच, आता म्हातारा झालेला. त्यानं मोठेबांना जुन्या नावानं हाक मारली. मोठेबा म्हणाले, “तो मेला.”

“असा कसा मेला? मास्तर तर कचेरीत जिता निघाला! मायनं सोता बोट दाखोलं म्हनते. चला, आता तुमी बी उठा सारे.”

दुसऱ्या दिवसापासून विहिरीवर, दुकानात, वावरात जुन्या हाका पुन्हा सुरू झाल्या. ‘तो मेला’ म्हटलं की गाव हसायचं. ज्या उत्तरासाठी बायका तीन महिने चार कोस चालल्या, ते उत्तर आता थट्टेचं झालं. मोठेबांच्या सुनेनं आमच्या दारावरून जायचं सोडलं. मोठेबा मायशी बोलेनात. भांडण नाही, काही नाही, नुसते बोलेनात. मी यवतमाळला होतो. हे सगळं माय एकटी सोसत होती आणि मला एका अक्षरानं कळवत नव्हती.

जबाब तालुक्याहून जिल्ह्याला गेला, जिल्ह्याहून मुंबईला. हेडक्लार्कांनी त्यांच्याकडून होईल तेवढी घाई केली. एकदा तर रविवारी घरी येऊन सांगून गेले की फाईल पुढे सरकली. पासपोर्ट आला तेव्हा मी तो पोस्टातच उघडला. वर माझं नवं नाव होतं. खाली ‘उर्फ’ घालून दुसरं. आणि त्याखाली, पुन्हा ‘उर्फ’ घालून, इंग्रजी टाइपात स्वच्छ छापलेलं, उकिरड्याचं नाव आणि जात. जिथे माझं जुनं नाव कुणाला ठाऊक नाही अशा देशात जायला निघालो होतो, आणि तिथल्या प्रत्येक साहेबाला दाखवायच्या पुस्तकात ते पहिल्याच पानावर होतं.

पण तेवढ्याचीही गरज पडली नाही. व्हाउचरची मुदत त्याआधी अकरा दिवस संपली होती. मी लंडनला लिहिलं, उशीर कशानं झाला ते सगळं लिहिलं. उत्तर चार ओळींचं आलं. मुदत वाढवता येत नाही, नव्याने अर्ज करावा, क्रमाने विचार होईल. नव्याने अर्ज केला. त्याचं उत्तर कधी आलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा मायला सांगितलं. ती चुलीपुढे बसली होती. भाकर उलटवून म्हणाली, “म्हंजे जानं नाई झालं?”

“नाही.”

“मंग मी कायले म्हटलं ते?”

मी तिला समजावून सांगायला लागलो. व्हाउचर म्हणजे काय, मुदत म्हणजे काय, फाईल तालुक्याला किती दिवस होती आणि मुंबईला किती दिवस. मला समजावून सांगायची सवय आहे, तेच माझं पोट भरण्याचं काम. तिनं मधे न बोलता सगळं ऐकून घेतलं. माझं बोलणं संपल्यावर भाकर टोपल्यात ठेवली.

“ते समजलं,” ती म्हणाली. “मी ते नाई इचारलं.”